मीठ घातलेला बर्फ

माझा विषय बर्फ आहे. मे महिन्यात कांदिवलीत हे वाक्य उच्चारलं की लोक आधी हसतात आणि मग सरबत घेणार का विचारतात. नेमकं सांगायचं तर गुरू आणि शनी या अवाढव्य ग्रहांभोवती फिरणारे बर्फाळ चंद्र जन्मल्यापासून आजपर्यंत कसकसे बदलत गेले, हा माझा विषय. अंधेरीच्या एका कॉलेजात मी भूशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात, जिथे मी तर नाहीच पण माझ्या विद्यार्थ्यांची नातवंडंही जाणार नाहीत, अशा जागेच्या भेगा फोटोवरून मोजते. खरा हिमप्रदेश मी आजवर पाहिलेला नाही. एकदा सिमल्याला गेले होते, तेव्हा तिथे बर्फ नव्हता. माझ्या ओळखीचा सगळा बर्फ धक्क्याजवळच्या कारखान्यातून लादीने यायचा, गोणपाटात गुंडाळलेला आणि भुसा चिकटलेला.

कारण माझी आई कोळीण. कांदिवलीच्या मासळीबाजारात तिचा ओटा आहे. तिच्या आईचा होता, तो तिच्याकडे आला, आणि रीतीप्रमाणे तो माझ्याकडे यायला हवा होता. मी मध्येच शिकले, त्यामुळे ती रीत अडली. आई माझ्या शिक्षणाच्या आड कधी आली नाही, पण माझ्या विषयाबद्दल तिचं मत पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. मी पीएचडी झाले त्या दिवशी तिने पेढे वाटले आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "बरफाचं शिकाया एवढी वर्सं? माना इचारलं असतंस तर दोन दिसात सांगितलं असतं." मी हसले. ती हसली नाही.

एकदा एका रविवारच्या पुरवणीत माझा लेख आला, फोटोसह. मी अंक तिला नेऊन दिला. पुढच्या वेळी घरी गेले तेव्हा अंक कुठे दिसला नाही. बाजारात वर्तमानपत्राचं काय होतं ते मला माहीत असल्यामुळे मी काही विचारलं नाही. माझ्या लेखात कुणाचे तरी बांगडे गेले असणार अशी मी मनाची समजूत घातली, आणि खरं सांगायचं तर मला ते लागलं.

एका उन्हाळ्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी महिनाभर घरी बसायला सांगितलं. पावसाळी मासेमारीबंदीला तीन आठवडे उरले होते, म्हणजे हंगामाचा शेवट, आणि आईच्या चेहऱ्यावर गुडघ्यापेक्षा ओट्याची कळ जास्त दिसत होती. मासळीबाजारातला ओटा रिकामा ठेवता येत नाही. तिच्या ओट्याची हद्द म्हणजे सिमेंटमधल्या दोन भेगा, आणि मालकीण चार दिवस दिसली नाही की शेजारणींच्या टोपल्या दोन्ही बाजूंनी बोटबोटभर सरकत येतात. कुणाच्या मनात वाईट नसतं. मला सुट्टी होती. मी म्हटलं, मी बसते.

आईने मला आपादमस्तक न्याहाळलं.

"बस," ती म्हणाली. "माल येईल धक्क्यावरून, ती कालजी नाय. कापायला शेजारीण हाय. तुना दोनच कामं. जागा रिकामी ठेवायची नाय आनि माझं नाव घालवायचं नाय."

तिचं नाव म्हणजे काय, ते सांगायला हवं. बाजारात गिऱ्हाईक मासा घेताना आधी त्याच्या गालापाशी असलेला कल्ला उघडून पाहतं. लालभडक असला तर ताजा, मातकट असला तर शिळा. हा गिऱ्हाइकाचा हक्कच आहे, त्यात कुणी रागवत नाही. पण वर्षानुवर्षांची काही गिऱ्हाइकं असतात, ती कल्ला उघडत नाहीत. कोळीण देईल तो मासा पिशवीत टाकतात आणि चालू लागतात. कोळणीला याहून मोठा मान नसतो, आणि कुणाकडे अशी गिऱ्हाइकं किती आहेत हे सगळ्या बाजाराला पाठ असतं. आईकडे सगळ्यांत जास्त होती. त्यांतले पहिले म्हणजे एक मालवणी काका, वडील गिरणीत होते आणि हे स्वतः बँकेतून निवृत्त झालेले. बुधवार, शुक्रवार, रविवार असे आठवड्यातून तीन दिवस ते यायचे. तीस वर्षांत त्यांनी आईच्या माशाचा कल्ला उघडला नव्हता. मासा ते अख्खाच न्यायचे, कारण साफ करणं काकूंच्या हातचंच लागायचं.

पहिल्या दिवशी मी ओट्यावर चढून बसले तेव्हा माझी अवस्था नव्या नवरीसारखी होती. डाव्या हाताच्या शेजारणीने, म्हणजे आईच्या बरोबरीच्या एका जाडजूड मावशीने, मला निरखून पाहिलं आणि बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "आली गो बरफाची मास्तरीन."

मी चपापले. हे नाव कुठून आलं, असं विचारलं.

"तुझी आय सांगते ना," मावशी बोंबील निवडत म्हणाली. "माझ्या पोरीला आभालातल्या चांदाचा पन बरफ कलते. पेपरातला फोटू तर तिनं परतेकीला दाखवला. पलास्टिकमदी घालून ठेवलाय, त्या डब्यात बघ."

डब्यात ओट्याचा परवाना होता आणि त्याच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला माझा लेख. बांगड्यांवर केलेला आरोप मी मनातल्या मनात मागे घेतला. मला अतिशय आनंद झाला, आणि खरं तर तिथेच वाट लागली. कारण मान मिळाला की माझ्यातली मास्तरीण जागी होते.

त्या आठवड्यात मी मासे कमी विकले आणि शिकवलं जास्त. दुपारी बाजार थंडावला की मावशी विचारायची, काय असते गो त्या चांदावर? मी सांगायची. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की माझा आणि या बायकांचा धंदा एकच आहे. वरच्या अंगावरून वय ओळखायचं. गुरूचा कॅलिस्टो नावाचा एक चंद्र आहे. तो आतून धड कधी तापलाच नाही. अब्जावधी वर्षांपूर्वी आदळलेल्या दगडांचे खड्डे त्याने अजून अंगावर सांभाळून ठेवलेत, आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने जुनी भांडणं ठेवली आहेत तसे. त्याच्याहून आत फिरणारा गॅनिमीड अर्धा जुना, अर्धा नवा. काळपट जुन्या जमिनीच्या मधून उजळ पन्हळींचे पट्टे गेलेले, पुनर्विकासात अर्धवट अडकलेल्या वसाहतीसारखा. आणि त्याच्याही आत युरोपा. तिथे खड्डे जवळजवळ नाहीतच. शेजारचे चंद्र त्याची वाट पुरती गोल होऊ देत नाहीत, त्यामुळे प्रत्येक फेरीत तो गुरूच्या थोडा जवळ जातो आणि थोडा लांब येतो. गुरूची ओढ त्याला दाबते नि सोडते, पुन्हा दाबते नि सोडते. कणीक मळताना गोळा हाताखाली ऊबदार होतो, तसा तो आतून ऊब धरतो. वरचा बर्फ तडकतो, खालचा मऊ बर्फ वर येतो, जुने खड्डे पुसले जातात. म्हणून त्याचा चेहरा ताजा.

"म्हंजे," मावशीने निष्कर्ष काढला, "त्याचा डोला अजून सफेत नाय झाला."

मासा शिळा झाला की त्याचा डोळा पांढरा पडतो. माझ्या वीस वर्षांच्या अध्यापनात युरोपाच्या पृष्ठभागाचं इतकं नेटकं वर्णन कुणी केलं नव्हतं. मी तिला शंभरपैकी शंभर देऊन टाकले असते.

आईचा फोन रोज संध्याकाळी यायचा. मालाची चौकशी कमी, बर्फाची जास्त. खाली चुरा, त्यावर मासा, वर पुन्हा चुरा, आणि मासळीच्या पेटीच्या तळाचं भोक मोकळं ठेव. "बरफ वितललाच पायजे," ती बजावायची. "पानी मासलीवरून व्हायला पायजे." मी हो हो म्हणायची. मला ते अडाणीपणाचं वाटायचं. बर्फ वितळतोय म्हणजे वाया जातोय, हे शेंबडं पोरही सांगेल. मेची दुपार, पत्र्याचं छप्पर, आणि सकाळी फोडलेल्या लादीचं दोन वाजेपर्यंत गटारात पाणी. बाजारातल्या सगळ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या बर्फ असा वाहू देत आल्या होत्या आणि त्यांच्यात पहिल्यांदाच एक तज्ज्ञ येऊन बसली होती.

युरोपाच्या बर्फाखाली समुद्र आहे आणि तो खारट आहे. पाण्यात मीठ असलं की ते शून्याखाली गेलं तरी गोठायला सहजी तयार होत नाही. बर्फात मीठ कालवलं तर ते मिश्रण शून्याच्या बरंच खाली उतरतं. बाहेरच्या चंद्रांवर द्रवरूप समुद्र इतकी वर्षं कसे टिकले, हे समजावताना मी हे दरवर्षी फळ्यावर लिहिते. कुल्फीवाला हेच फळ्याशिवाय करतो. कोळ्याच्या घरात जाड्या मिठाला तोटा नसतो, सुकी मासळी त्यावरच निघते. मंगळवारी मी डबाभर मीठ नेलं, पेटीतल्या चुऱ्यात नीट कालवलं, पापलेटं त्यात पुरली आणि तळाच्या भोकाला बूच मारलं, थंडावा बाहेर जायला नको म्हणून. मावशीने भुवया वर केल्या. पण ती काही बोलली नाही, कारण चांदावरचा बर्फ कळणाऱ्या बाईला आपण काय सांगायचं.

पेटी रात्रभर तशीच राहिली. बुधवारी सकाळी उघडली तेव्हा मी खूश झाले. बर्फ बराचसा टिकला होता. पापलेटं टणक लागत होती, आणि टणक मासा म्हणजे ताजा मासा एवढं मला लहानपणापासून माहीत होतं. काका आले. मी दोन मोठी पापलेटं उचलली. त्यांनी नेहमीप्रमाणे पिशवी उघडून धरली आणि दुसरीकडेच बघत मला म्हणाले, "आवशीचो पाय कसो आसा?" बरा आहे, मी म्हटलं. मासे पिशवीत पडताना लाकडाच्या फळीसारखा आवाज झाला. तो आवाज मी ऐकला होता. आजही ऐकू येतो.

तासाभरात काका परत आले. पिशवी ओट्यावर ठेवली. आवाज चढवला नाही, तो चढवला असता तर बरं झालं असतं.

"पोटात बर्फाचो खडो गावलो," ते म्हणाले. "सुरी चलना नाय. डोळे पांढरे. ह्यो मासो पेटीतलो आसा, महिन्याभराचो. तुझ्या आवशीकडसून तीस वर्सां घेतंय मी. बर्फाचो मासो माझ्या घरात कधी इलो नाय."

काका, हे कालचंच आहे, मी म्हटलं. ते मला खोटं पाडायला तयार नव्हते आणि खरं मानायलाही. त्यांनी पैसे परत घेतले नाहीत. मासेही नेले नाहीत. ते निघून गेले आणि आजूबाजूच्या सात-आठ ओट्यांवरच्या बायका एकदम आपापल्या मासळीत गढून गेल्या. कोळणीने शीतगृहातला जुना माल ताजा म्हणून विकला, याच्यापुढे बाजारात दुसरी शिवी नाही. आणि तो माल खरोखर कालचा होता. वितळत्या बर्फाचं पाणी मासा गार ठेवतं पण गोठवत नाही, माझ्या मीठ घातलेल्या बर्फाने तो आतपर्यंत गोठवला होता. काल होडीतून उतरलेला ताजा फडफडीत मासा मी एका रात्रीत महिनाभराचा म्हातारा करून दाखवला होता. एवढ्या वेगाने एखाद्याचं अंग म्हातारं झाल्याचं उदाहरण सूर्यमालेत नसावं.

मावशीने एक पापलेट हातात घेतलं, दाबून पाहिलं, ठेवून दिलं. "जल्ला तो बरफ," एवढंच म्हणाली. संध्याकाळी आईचा फोन आला नाही, म्हणजे मावशीचा तिला गेलेला होता.

शुक्रवारी सकाळी बाजाराच्या तोंडाशी रिक्षा थांबली आणि त्यातून आधी वॉकर उतरला, मग आई. ऑपरेशनला पुरते दोन आठवडेही झाले नव्हते. ती ओल्या फरशीवरून एकेक पाऊल टाकत ओट्यापाशी आली. मला ओरडेल म्हणून मी तयार होते. बुधवारपासून मी न उघडलेल्या त्या पेटीत तिने हात घातला, तळाला उरलेला बर्फाचा चुरा चिमटीत घेतला आणि जिभेला लावला. मग माझ्याकडे बघितलं. तिला सगळं कळलं होतं. दोन दिवसांत सांगितलं असतं म्हणाली होती, इथे तर तिला दोन क्षणही लागले नाहीत.

"पानी आन," ती म्हणाली. "पेटी धू."

मी पेटी धूत होते तेव्हा काका दिसले. शुक्रवार त्यांचा वार होता, पण ते पलीकडच्या रांगेकडे वळत होते. आईला बघून थबकले. पाय त्यांना इकडे घेऊन आले असावेत.

"म्हातारे," ते म्हणाले, "तुझ्या चेडवान माका पेटीतलो मासो दिलो." ही तक्रार नव्हती, ते विचारत होते. आईने नाही म्हणावं असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. पोरगी नवखी आहे, तिने चुकून मीठ घातलं, मासा कालचाच होता, एवढं आईने म्हटलं असतं तर ते हसले असते, मला दोन शब्द सुनावले असते आणि पिशवी उघडून धरली असती. खरंही तेच होतं. मी तोंड उघडलं. आईचा थंडगार हात माझ्या मनगटावर येऊन घट्ट बसला.

"तिचा गुना नाय," आई म्हणाली. मावशीला ऐकू जाईल, पलीकडच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात. "माल माझाच जुना व्हता. ऑपरेशनच्या आदी मीच पेटीत टाकून ठेवलेला. मीच तिला बोलले, इकून टाक. तिला बरफातलं सगलं कलते. ती नको बोलत व्हती. आयचं ऐकलं तिनं."

 काकांनी मान हलवली आणि रिकामी पिशवी घेऊन गेले.

आणि मी, बर्फाची मास्तरीण, गप्प बसले. आईचा हात मनगटावर होता, हे मी नंतर कितीतरी वेळा स्वतःला सांगितलं. तो हात एका आजारी म्हातारीचा होता. झटकता आला असता. पण त्या क्षणी आजूबाजूच्या ओट्यांवरच्या नजरा आईकडे वळल्या होत्या, माझ्यावरून हटल्या होत्या, आणि मला हायसं वाटलं होतं. याची मला लाज वाटते.

परतताना रिक्षात वॉकर आमच्या दोघींच्या मध्ये होता. सिग्नलला मी म्हटलं, "आये, कशाला गं? मी सांगितलं असतं ना त्यांना."

"काय सांगनार व्हतीस? बरफ कलत नाय माना म्हनून?"

मी घसरणारा वॉकर धरून ठेवला.

"माझं नाव मी आनीन परत," ती बाहेर बघत म्हणाली. "मी हाय ना तिथं रोज. तुझं गेलं असतं तर कोन आननार व्हतं? वीस वर्सं सांगितलंय मी त्या बायांना."

रिक्षा सुटली. पुढच्या सिग्नलला तिने विचारलं, "त्या चांदाच्या पोटात मीठ हाय म्हनतेस. किती?" माझ्या कामाबद्दल आईने विचारलेला तो पहिला प्रश्न. मी म्हटलं, नक्की माहीत नाही गं, कुणालाच नाही. आपल्या समुद्राइतकं असेल, कमी असेल, अजून भांडण चालू आहे.  "मंग पानी व्हायला भोक पायजे त्याला," ती म्हणाली. शनीच्या एका छोट्या चंद्राला अशी भोकं आहेत, दक्षिणेकडच्या भेगांतून त्याचं पाणी आभाळात उडतं, हे मी तिला सांगितलं. "मंग तो बरा," आई म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

बंदी आली, पाऊस आला. नारळी पुनवेनंतर बाजार पुन्हा भरला आणि आई ओट्यावर जाऊन बसली. मी रविवारी मदतीला जाते. काका गावच्या गणपतीहून परत आल्यावर एका रविवारी आले. पायाची चौकशी केली. आईने पापलेट उचललं. काकांनी पिशवी पुढे केली, मग हात मागे घेतला, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा अंगठ्याने कल्ला वर करून बघितला. लालभडक होता. त्यांनी मासा नेला.

तेव्हापासून ते पुन्हा नेमाने येतात आणि दर खेपेला कल्ला बघतात. त्यांना ते करताना अवघडल्यासारखं होतं, म्हणून आता आई मासा उचलते आणि त्यांनी काही म्हणायच्या आधी स्वतःच कल्ला उघडून त्यांच्या डोळ्यांपुढे धरते. मी शेजारी उभी राहून बर्फ फोडत असते.